तुंगुस्का नदीत उल्का पडलीच नव्हती

30 जून जवळ आला की एक फॉरवर्ड हमखास फिरायला लागतो. मजकूर साधारण असा: 1908 साली सैबेरियातल्या तुंगुस्का नदीत प्रचंड उल्का कोसळली, नदीचं पात्र बदललं, खड्ड्याचं सरोवर झालं, आसपास माणूस नव्हता म्हणून निभावलं, आणि तिथे आजही काही उगवत नाही. स्फोट झाला, एवढं खरं. बाकीच्यासाठी नकाशा उघडून बघायला हवा होता.

मुळात तुंगुस्का कुठली? या नावाच्या एकाहून जास्त नद्या आहेत. इथे संबंध पोदकामेन्नाया तुंगुस्काशी. सुमारे 1,865 किलोमीटर लांबीची ही नदी साधारण पश्चिम-वायव्येकडे वाहत जाऊन येनिसेला मिळते. स्फोट मात्र तिच्या पात्रात झाला नाही. तिच्या काठावर वनवारा नावाचं गाव आहे, तिथून सुमारे 65 किलोमीटर उत्तरेला, दलदलीच्या आणि लार्च वृक्षांच्या जंगलावर तो झाला. तोही जमिनीवर नाही, हवेत, काही किलोमीटर उंचीवर. मग पात्र बदलणार कशानं?

आता सरोवर. हा मुद्दा अगदीच हवेतला नाही. स्फोटकेंद्रापासून सुमारे 8 किलोमीटरवर चेको नावाचं लहान, खोल सरोवर आहे. ते आघातानं झालं असावं, असं इटालियन संशोधकांनी 2007 मध्ये मांडलं होतं. फॉरवर्डवाल्यांनी त्यातलं 'असावं' तेवढं गाळलं. पुढे रशियन संशोधकांनी तळाचा गाळ तपासला, तर तो किमान 280 वर्षं जुना निघाला, म्हणजे 1908 च्या कितीतरी आधीचा. आपल्याकडे लोणार बघितलेल्याला फरक चटकन कळेल. बेसाल्टमध्ये सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचा गोल खड्डा आणि भोवती उचललेला काठ, ही आघाताची खूण. चेकोला असा काठ नाही. किमचू नदी त्यातूनच वाहत पुढे जाते.

खड्डा शोधायला सोव्हिएत उल्कासंशोधक लिओनिद कुलिक 1927 मध्ये तिथे पोचले तेव्हा त्यांनाही विवर हवंच होतं. दलदलीतले गोल खळगे म्हणजेच उल्कांचे खड्डे, अशी त्यांची खात्री. नंतरच्या एका मोहिमेत एका खळग्यातलं पाणी चर खणून काढलं, तर तळाशी निघाला झाडाचा जुना बुंधा. उल्का पडली असती तर तो तिथे टिकला नसता. ठिकऱ्या उडाल्या असत्या. त्यांना दिसलेला खरा पुरावा वेगळाच होता: भोवतालची झाडं केंद्रापासून बाहेरच्या बाजूला आडवी पडलेली, आणि मधोमध मात्र काही झाडं उभीच, फांद्या झडून नुसते खांब उरलेले. हवेत वरून दाब आला की असंच होतं. आडवं झालेलं जंगल सुमारे 2,150 चौरस किलोमीटर.

'माणूस नव्हता' हे तर सरळ चूक. हा एवेंकी लोकांचा, रेनडिअर पाळणाऱ्यांचा मुलूख. त्यांचे कळप गेले, तंबू उडाले. वनवारात घराबाहेर बसलेल्या सेम्योनोव नावाच्या माणसाची साक्ष नोंदलेली आहे: अंगातल्या सदऱ्यानं पेट घेतला की काय इतकी धग लागली आणि तो फेकला गेला. शहरातून कुणी विचारायला आलं नाही म्हणजे तिथे कुणी राहत नव्हतं, असा हिशेब फक्त शहरी माणूसच करू जाणे.

उगवत नाही? जंगल केव्हाच परत उगवलंय. काही झाडांच्या वाढवलयांत (खोडात दरवर्षी पडणाऱ्या कड्यांत) तर स्फोटानंतर वाढीचा वेग वाढल्याचं दिसतं. 1995 पासून हा भाग राखीव निसर्गक्षेत्र आहे.

निकोला टेस्ला या संशोधकानं 'मृत्यूकिरण' सोडला, ही पुरवणीही आजकाल जोडलेली असते. तिला एकही पुरावा नाही, त्यामुळे तिच्यावर वेळ घालवत नाही. आणि मेसेजसोबत 'आजचं दृश्य' म्हणून येणारा तो आडव्या झाडांचा काळा-पांढरा फोटो कुलिक यांच्या मोहिमांच्या काळातला आहे.