इंग्रजीच्या नव्या शिक्षकांना आगाऊ सल्ला

मुंबईतल्या सेमी-इंग्लिशच्या वर्गाला पार्ट्स ऑफ स्पीच, म्हणजे शब्दांच्या जाती, शिकवायचं काम तुमच्याकडे आलं म्हणजे नशीब उघडलं समजा. आठ प्रकार, आठ व्याख्या, पोर्शन खलास. 'अ नाउन इज द नेम ऑफ...' हे साठ पोरांकडून एका सुरात म्हणून घ्या. आवाज मुख्याध्यापिकाबाईंच्या केबिनपर्यंत पोचला की शिकवणं झालं. व्याख्येतलं 'मॉडिफाइज' म्हणजे काय, असं कुणी विचारलंच तर "मागे कोण बोलतंय रे?" एवढं पुरतं.

मग युक्ती द्या: शेवटी एल-वाय दिसलं की ॲडव्हर्ब, म्हणजे क्रियाविशेषण. 'फ्रेंडली', 'लव्हली', 'अग्ली' ही विशेषणं पेपरात मात्र येऊ देऊ नका. 'फास्ट' तर अजिबात नको. दादरचं पोर ते, लोकल फास्ट असते आणि ती धावतेही फास्ट, हे त्याला चांगलं ठाऊक. त्यात संकष्टीला आई करते तोही फास्ट, आणि ते करणंसुद्धा फास्टच. एकाच शब्दाची चार कामं बघून उद्या ते म्हणेल, "सर, आधी पूर्ण वाक्य वाचायला लागेल ना?" लागेल की! पण मग अधोरेखित शब्दापुढे खूण करायला तीस सेकंदांऐवजी दोन मिनिटं जातील आणि तुमचा निकाल बसेल.

मराठीच्या तासाला याच पोरांनी नाम, सर्वनाम, विशेषण अशा आठही शब्दजाती केलेल्या असतात, हे त्यांना आठवू देऊ नका. आपलं शब्दयोगी अव्यय नामाच्या मागून येतं, 'टेबलावर'. इंग्रजीचं प्रिपोझिशन आधी येऊन बसतं, 'ऑन द टेबल'. पोरं 'टेबल ऑन' का लिहितात ते इथेच कळतं. पण त्यावर प्रश्न कसा काढणार? लाल पेनाने फुली मारा, पुढे चला.

एखादी चौकस मुलगी विचारेल, "सर, 'द' कशात येतं?" तिला बसवा. ग्रीक व्याकरणकारांच्या आठ शब्दजातींत आर्टिकल, म्हणजे 'द'सारखा शब्द, होतं. लॅटिनमध्ये आर्टिकल नाही, म्हणून रोमन पंडितांनी ते काढलं आणि इंटरजेक्शन (उद्गारवाचक शब्द) घालून आकडा आठच ठेवला. इंग्रजीत पावलोपावली 'द' आहे, पण यादी आठांचीच चालू. काही पुस्तकं त्याला गुपचूप विशेषणांत ढकलतात, तुम्हीही ढकला. (मला विचाराल तर वर्गातला तेवढा एकच प्रश्न शिकवण्याजोगा असतो. पण सल्ला मागितलाय तुम्ही, मत नाही.)

आता पालकसभा. एखादी आई म्हणेल, "सर, वीसपैकी वीस पडतात, पण परवा सीएसएमटीला एका फॉरेनरने चर्चगेट कुठे विचारलं तर हा माझ्या पदराआड लपला." घाबरू नका. गंभीर चेहरा करून सांगा, "ताई, ते स्पोकन. त्याची बॅच वेगळी असते, फीसुद्धा."