टिटवी, गच्ची आणि तुरळक ठिकाणी

काल रात्री पावणेबाराला मला आमच्याच इमारतीच्या गच्चीवरून खाली पाठवण्यात आलं. कारण काय, तर टिटवीला त्रास होतो. मी दरमहा मेन्टेनन्स भरतो, टिटवी भरत नाही. हे मी तिथल्या तिथे बोलूनही दाखवलं, पण कुजबुजत भांडता येत नाही आणि मोठ्याने बोलायला बंदी होती.

झालं होतं एवढंच की साडेदहाला लाइट गेली. तक्रारीचा फोन उचलला जात नव्हता. चटई, उशी आणि तांब्या घेऊन मी वर निघालो. बडोद्यात मे महिन्याच्या शेवटी माणूस याहून वेगळं काही करूच शकत नाही.

इथला उन्हाळा खरं तर दोन उन्हाळे असतात. पहिला कोरडा. पारा बेचाळीस, त्रेचाळीस, रस्ते ओस, पण कूलर चालतो, माठातलं पाणी गार असतं आणि संध्याकाळी सुरसागर तलावावर जरा वारा मिळतो. मग मे निम्मा सरला की वारं फिरतं आणि खंभातच्या आखाताकडून ओल येऊ लागते. पारा दोन अंशांनी उतरतो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा येतो, 'बडोदेकरांना दिलासा'. हा दिलासा लिहिणारा माणूस एसीत बसतो याबद्दल माझ्या मनात शंका नाही. घाम वाळला तर अंग गार होतं, आणि हवेतच पाणी भरलेलं असलं की तो वाळत नाही, हे शाळेतलं विज्ञान आहे. कूलरचंही तेच. ओल्या हवेत तो गारवा देत नाही, फक्त आवाज करतो आणि पापड सादळवतो. काल रात्री घरातली हवा ढोकळ्याच्या भांड्याचं झाकण काढल्यावर तोंडावर येते तशी होती.

बरं, एवढं सोसून निदान कागदावर तरी आपली नोंद व्हावी? तीही होत नाही. सपाट प्रदेशात उष्णतेची लाट म्हणायला कमाल तापमान निदान 40 हवं आणि ते नेहमीपेक्षा किमान साडेचार अंश जास्त हवं, किंवा मग सरळ 45. शिवाय हे सगळं हवामान खात्याच्या उपविभागातल्या किमान दोन केंद्रांवर, लागोपाठ दोन दिवस. म्हणजे ज्या गावाला दरवर्षीच एक्केचाळीस अंशात भाजायची सवय, तिथे चव्वेचाळीस झालं तरी ती लाट नाही. सवय लावून घेतल्याची शिक्षा. त्यात ते तापमान मोजतात कुठे, तर पांढऱ्या झडपांच्या पेटीत, सावलीत, खेळत्या वाऱ्यात. तसली पेटी मला भाड्याने मिळाली तर मी लगेच राहायला जाईन. आमचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर, पश्चिमेला तोंड करून, गच्चीच्या बरोबर खाली आहे. तिथे कोणी तापमापक लावत नाही.

तर मी वर पोचलो. दार लोटलं आणि अंधारातून कोणीतरी म्हणालं, "श्शऽ! बाई बसल्यात."

मी चपापून चटई छातीशी धरली. सोसायटीतल्या कोणी बाई आधीच वर झोपल्या असतील असं वाटलं. माफी मागणार, तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचे काका टाकीच्या आडून बाहेर आले. अंगात बंडी, हातात बॅटरी, बॅटरीवर लाल जिलेटीनचा कागद. "पांढरा उजेड तिला चालत नाही," ते म्हणाले.

"कोणाला?"

त्यांनी लाल उजेड कोपऱ्यात टाकला. डांबराच्या पट्टीवर थोडे खडे, खड्यांत मातकट ठिपक्यांची चार अंडी, आणि त्यांवर बसून माझ्याकडे अत्यंत तुच्छतेने बघणारी एक टिटवी. शेजारी पाण्याने भरलेली परात. वर चार विटांवर उभं केलेलं खोक्याचं छप्पर. आमच्या फ्लॅटला संध्याकाळी पाणी का नव्हतं याचा उलगडा मला त्या परातीकडे बघून झाला.

"काका, मी त्या टोकाला झोपतो. हलणारसुद्धा नाही."

"तुम्ही घोरता."

"तुम्हाला कसं माहीत?"

"तुमच्या खालीच राहतो हो मी. पंखा बंद असला की सगळं ऐकू येतं." मग आवाज मऊ करून म्हणाले, "हे बघा, मला तुमच्याशी वाकडं नाही. पण ही साधी गोष्ट नाहीये. चौथ्या मजल्याच्या अगाशीवर अंडी! ही जितकी उंच घालते तितका पाऊस जास्त. चार अंडी म्हणजे चार महिने. उभं अंडं, तो महिना जोरात. आडवं, तो कोरडा. मी रोज बघतो. तीन उभी आहेत, एक आडवं."

"आडवं कुठल्या महिन्याचं?"

इथे काका जरा अडखळले. "ते तिने सांगितलेलं नाही."

ही बातमी सोसायटीत पसरल्यापासून काय काय झालंय ते मग त्यांनी मला टाकीला टेकून सविस्तर ऐकवलं. 2024 च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदी गावात शिरली होती, मगरी रस्त्यांवर फिरत होत्या, ते अजून कोणी विसरलेलं नाही. त्यामुळे चौथ्या मजल्यावरची अंडी ऐकून तळमजल्यावरच्या एकाने सेक्रेटरींना लेखी अर्ज दिलाय, की सदर घरटं शक्य तितक्या लवकर पार्किंगमध्ये उतरवण्यात यावं, म्हणजे पाऊस त्या बेताने पडेल. दुसऱ्या मजल्याचं म्हणणं असं पडलं की अगदी पार्किंगमध्ये आणलं तर दुष्काळ पडेल, त्यापेक्षा पहिल्या मजल्याच्या जिन्यात ठेवावं. यावर दोन दिवस व्हॉट्सॲपवर चर्चा चालू आहे. मी त्या ग्रुपचा आवाज बंद ठेवतो, म्हणून मला पत्ता नव्हता.

"तुमचा यावर खरंच विश्वास आहे?" मी विचारलं.

"विश्वासाचा प्रश्न नाही. हवामान खात्याची नजर उपग्रहावर, हिची जमिनीवर. दोन्ही ऐकायचं." आणि त्यांनी बंडीच्या खिशातून फोन काढून मला दामिनी ॲप दाखवलं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं, आसपास वीज पडत असली की इशारा देणारं. "हे विजेसाठी. ही पावसासाठी. खातेवाटप केलंय."

मी घाम पुसत हसलो. ते त्यांना आवडलं नाही.

"हसू नका. ही दुपारी काय करते माहीत आहे? परातीत जाते, पोटाची पिसं भिजवते आणि ओल्या पोटाने अंड्यांवर येऊन बसते. अंडी गार राहावीत म्हणून. भर उन्हात, डांबरावर! आणि तुम्हाला एक रात्र लाइट नाही तर चटई घेऊन पळत सुटलात."

टिटव्या असं खरोखर करतात. पण घामाने निथळत असताना पक्ष्याचा आदर्श कोणी समोर ठेवू नये. माझं पोट सकाळपासून ओलंच होतं आणि त्याने कोणालाही गार वाटत नव्हतं.

टिटवी देखील समुद्र आटविते म्हणतात. आमच्या टिटवीने गच्ची आटवली. पूर्वी दांडिया बाजारातल्या वाड्यात आजोळी उन्हाळ्यात सगळं घर गच्चीवर झोपायचं. संध्याकाळी पाणी शिंपडायचं, तापलेल्या फरशीचा वास यायचा, कोणाची गादी कुठे हे ठरलेलं असायचं आणि आजोबांच्या घोरण्याची तक्रार करायची कोणाची हिंमत नव्हती. आता वाडे गेले. आमच्या इमारतीत गच्चीला कुलूप, किल्ली सेक्रेटरींकडे, आणि दुसरी किल्ली पक्षिसेवेसाठी काकांकडे. पार्किंग मोठं करायचं म्हणून कडुलिंब तोडला तेव्हा त्यावर कावळ्याचं घरटं होतं, पण कावळा पावसाचं काही चांगलं सांगत नसावा. ज्यांच्याकडे एसी आहेत त्यांची बाहेरची यंत्रं माझ्या गॅलरीत फुंकतात. त्यांची खोली गार करायला जेवढी गरमी उपसावी लागते ती सगळी मला फुकट पोचते, वर मोटरीची उष्णता. मीटिंगमध्ये हे दोनदा काढलं. दोन्ही वेळा 'नोंद घेतली' असं लिहिलं गेलं.

असो. मी दारापर्यंत पोचलो आणि वारा सुटला.

साधा वारा नव्हे. आजव्याच्या तलावाच्या बाजूला वीज चमकली आणि थंड, धुळीचा लोट गच्चीवर आदळला. ओल खालून, ऊन दिवसभराचं, की ढग असे चढतात. त्यातून पडलेला पाऊस ढगाखालच्या तापलेल्या हवेत वाटेतच वाळतो आणि गार झालेली जड हवा तेवढी धाडकन खाली येते. आम्हाला येतो तो हा वारा, पाऊस जातो शेजारच्या तालुक्यात. अंदाजात लिहिलेलं असतं, 'तुरळक ठिकाणी गडगडाटासह पाऊस'. तुरळक म्हणजे त्या भागातली जास्तीत जास्त पाव केंद्रं. इतकी वर्षं इथे राहतोय, आमची गल्ली त्या पावात एकदाही बसलेली माझ्या स्मरणात नाही.

खोक्याचं छप्पर उडून माझ्या चटईवर आलं. टिटवी किंचाळत उठली आणि काकांनी कुठूनशी छत्री काढून अंड्यांवर धरली.

"काका, दामिनी वाजतंय! छत्रीची दांडी लोखंडी आहे!"

"तिच्यासाठी धरलीय!" ते वाऱ्यात ओरडले. या वेळी त्यांना मोठा आवाज चालला.

मला मात्र त्यांनी खाली पिटाळलं. उघड्यावर थांबणं धोक्याचं आहे म्हणाले. मी जिन्यात थोडा वेळ उभा राहिलो, कारण म्हाताऱ्या माणसाला तसं सोडून जाववेना. पावसाचे मोजके थेंब पडले, माती डोळ्यांत गेली, वारा पडला आणि उकाडा दुपटीने परत आला. काका सुखरूप. अंडी सुखरूप. मी घरात बायकोच्या वर्तमानपत्राने वारा घेत पहाटेपर्यंत बसलो. लाइट सव्वापाचला आली, म्हणजे उठायच्या वेळेला.

सकाळी मुद्दाम ग्रुप उघडला. रविवारी तातडीची सभा. एसीच्या यंत्रांचा विषय पत्रिकेत नाही. विषय एकच: टिटवीसाठी पक्कं ताडपत्रीचं छत, खर्च सर्वांत सारखा वाटून, प्रत्येक फ्लॅटमागे 140 रुपये. खाली काकांची ताजी नोंद होती, की कालच्या वादळात आडवं अंडं उभं झालं आहे. तळमजल्यावरच्या माणसाने त्याखाली लगेच दुसरा अर्ज टाकलाय.