हायड्रोजनमुळे मराठवाड्याचे पाणी पळेल काय?

गावागावांत टँकर सुरू झाले की मोबाइलवर एक संदेश फिरू लागतो. हरित हायड्रोजनचे, म्हणजे सौर-पवन विजेवर बनणाऱ्या हायड्रोजनचे, कारखाने पाण्यातून वायू काढतात, ते इकडे आले तर लातूरला पुन्हा रेल्वेने पाणी आणावे लागेल. पाण्यातला वायू कंपन्यांना फुकट मिळेल. हा वायू म्हणजे बॉम्बच आहे. आणि शेतकऱ्याच्या पदरात यातले काही पडणार नाही, असा त्याचा आशय असतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आलेली पाण्याची रेल्वे ज्यांनी पाहिली, त्यांना हे पटले तर त्यात नवल नाही. तरीही आकडे मांडून पाहिले पाहिजेत.

आधी पाणी. एक किलो हायड्रोजनसाठी रासायनिक हिशेबाने ९ लिटर पाणी लागते. शुद्धीकरणात वाया जाणारे आणि यंत्रे थंड ठेवण्यासाठी लागणारे पाणी धरले तर हा आकडा २० ते ३० लिटरपर्यंत जातो. राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाने २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादनाचे उद्दिष्ट ठेवले आहे. किलोमागे ३० लिटर धरले, तरी साऱ्या देशाच्या या उद्दिष्टाला वर्षाकाठी सव्वापाच टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास पाणी लागेल. एकट्या जायकवाडीचा उपयुक्त साठा ७६ टीएमसींहून अधिक आहे. पाटाने भिजवलेल्या एक एकर उसाला ८० लाख ते १ कोटी लिटर पाणी लागते आणि तेवढ्यात अडीचशे टनांहून अधिक हायड्रोजन तयार होतो. उसाबद्दल आपण इतक्या तावातावाने संदेश पाठवत नाही, ही गोष्ट वेगळी.

मात्र संदेशातली एक शंका रास्त आहे. ५० लाख टन देशभर विखुरलेले असतात, विहीर एका गावची असते. आपल्याकडच्या बोअरचे पाणी क्षारयुक्त; ते शुद्ध करताना उरणारे खारट पाणी कोठे सोडणार, आणि कारखान्याला पाणी धरणातल्या पिण्याच्या आरक्षणातून देणार की शहराच्या प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यातून, हे प्रकल्प मंजूर होण्याआधीच विचारले पाहिजे.

वायू फुकट मिळेल, हा दावा तर मुळातच चुकीचा आहे. पाणी म्हणजे जळून गेलेला हायड्रोजन, एका अर्थाने त्याची राखच; राखेचे पुन्हा सरपण करायचे तर बाहेरून ऊर्जा ओतावी लागते. विद्युत अपघटनाने, म्हणजे वीज वापरून पाण्याचे घटक वेगळे करून, एक किलो हायड्रोजन मिळवायला ५० ते ५५ युनिट वीज लागते, आणि खरी मेख येथेच आहे. कोळशाच्या केंद्रात एका युनिटमागे साधारण तीन लिटर पाणी खर्च होते, म्हणजे त्या विजेवर हायड्रोजन केला तर किलोमागे दीडशे लिटरहून अधिक पाणी केवळ वीज करण्यातच जाईल. परळीचे औष्णिक केंद्र २०१५ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते, हे बीडकरांना सांगायला नको. शिवाय कोळशाच्या विजेवर एका किलो हायड्रोजनमागे ५० किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जाईल, तर आज नैसर्गिक वायूपासून तो काढताना ९ ते १० किलो जातो. ‘हरित’ म्हणवून घ्यायला केंद्र सरकारने २०२३ मध्ये घातलेली मर्यादा २ किलोंची आहे. तेव्हा कारखान्याच्या फाटकावर पाण्याच्या मीटरइतकेच विजेच्या मीटरकडे पाहावे: दिवसा सौर वीज घेतली, रात्री पवनचक्क्यांची मिळाली की नाही, आणि दोन्ही नसताना यंत्रे बंद ठेवली की वीजवाहिन्यांच्या जाळ्यातली कोळशाची वीज ओढली?

बॉम्बचे थोडक्यात सांगता येईल. हायड्रोजन बॉम्बमध्ये अणुकेंद्रे एकत्र येतात. टाकीतल्या वायूत तसे काही घडू शकत नाही. तो सहज पेट घेतो आणि त्याची ज्योत दिवसा जवळजवळ दिसत नाही, म्हणून गळती ओळखणारी उपकरणे आणि खेळती हवा अत्यावश्यक आहे. हवेच्या चौदापट हलका असल्याने उघड्यावर तो झपाट्याने वर निघून जातो. गळलेला एलपीजी जमिनीलगत साचतो, आणि त्याचे सिलिंडर आपण स्वयंपाकघरात ठेवतो.

राहिला शेतकरी. हायड्रोजन म्हटले की गाड्या आठवतात, पण गाडीसाठी तो काटकसरीचा मार्ग नाही. तीच वीज सरळ बॅटरीत भरली तर दुपटीहून अधिक अंतर कापता येते. त्याचे खरे गिऱ्हाईक खत आहे. युरियाच्या ४५ किलोंच्या एका गोणीमागे सुमारे साडेचार किलो हायड्रोजन खर्ची पडलेला असतो, आणि तो आज जवळपास सगळा नैसर्गिक वायूतून येतो, ज्याचा मोठा भाग आपण आयात करतो. युरियात एक अडचण आहे: त्याला हायड्रोजनपासून बनणाऱ्या अमोनियाबरोबर कार्बन डायऑक्साइडही लागतो आणि तो नैसर्गिक वायूच्याच प्रक्रियेतून मिळतो, त्यामुळे तेथे बदल सावकाश होईल. डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) या खताला ही अडचण नाही. त्याला अमोनिया आणि फॉस्फोरिक आम्ल पुरते. ५० किलोंच्या गोणीत जेमतेम दोन किलो हायड्रोजन. पेरणीच्या तोंडावर ज्या गोणीसाठी आपण कृषी सेवा केंद्रासमोर रांग लावतो, तिच्यातून हा वायू आपल्या शेतात पोहोचण्याची शक्यता पेट्रोल पंपापेक्षा कितीतरी अधिक आहे.