स्टारफायर नसेल तर टायटन्स किती दिवस टिकतील?

सुपरहिरोंच्या मालिकेचा नवा सीझन सुरू करायची एक ठरलेली रीत आहे. गेल्या वेळच्या व्हिलनपेक्षा दुप्पट मोठा व्हिलन आणायचा, दोन-चार इमारती पाडायच्या, जमलं तर टीममध्ये एखादा नवा मेंबर घुसवायचा आणि शेवटच्या सीनला कुणीतरी अंधारात उभं राहून खदखदा हसायचं. मुलं खूश, खेळणी विकणारे त्याहून खूश. माझी काही हरकत नाही, मीही असले भाग चवीने बघते. पण मुलांच्या सुपरहिरो-टीमवाल्या मालिकांमध्ये सीझनची सगळ्यात चांगली सुरुवात कुठली, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे. 'टीन टायटन्स', दुसरा सीझन, पहिला भाग. १० जानेवारी २००४ ला अमेरिकेत कार्टून नेटवर्कवर लागला. नाव 'हाउ लाँग इज फॉरएव्हर?'. आणि त्यातला व्हिलन अगदीच फुटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते.

ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जुलै २००३ मध्ये सुरू झाली. मूळ पात्रं डीसी कॉमिक्सची, मार्व्ह वुल्फमन आणि जॉर्ज पेरेझ या जोडीने १९८० पासून काढलेल्या कॉमिकमधली. ग्लेन मुराकामी आणि मंडळींनी त्यातले पाच जण उचलले, त्यांना जपानी अॅनिमेचे मोठे डोळे आणि घामाचे टपोरे थेंब दिले, आणि पुफी आमीयुमी या जपानी जोडीकडून शीर्षकगीत गाऊन घेतलं. (ते गाणं जपानीत लागलं की समजायचं, आजचा भाग वात्रट आहे.) टीव्हीच्या पेटीपुढे वाढलेल्या आमच्या पिढीतल्या कित्येकांना ते गाणं आजही पाठ आहे. अर्थ कळत नसलेल्या जपानी ओळींसकट.

पाच जण म्हणजे: पुढारी रॉबिन, ज्याच्या चेहऱ्यावरचा मास्क पाच सीझनमध्ये एकदाही उतरत नाही. अर्धा माणूस, अर्धं यंत्र असलेला सायबॉर्ग. कुठल्याही प्राण्याचं रूप घेणारा हिरवागार बीस्ट बॉय. एका राक्षसाची मुलगी रेव्हन, जिला भावना आवरून धराव्या लागतात, नाहीतर आसपासच्या वस्तू फुटतात. आणि तमारान नावाच्या ग्रहावरून आलेली स्टारफायर. पाचही जण इंग्रजी टी अक्षराच्या आकाराच्या टॉवरमध्ये राहतात. आईवडील नाहीत, शाळा नाही, कुणी मोठं माणूस नाही. मुलांना ही मालिका का आवडली ते एवढ्यावरूनच कळावं.

पहिल्या सीझनमध्ये स्टारफायरच्या वाट्याला काय आलं ते आठवा. तिचं विचित्र बोलणं, त्यावर हशा. तिचे अघोरी पदार्थ, त्यावर हशा. ती डोळ्यांतून आणि हातांतून ऊर्जेचे गोळे फेकते, उडते, ताकदीने म्हणाल तर टीममधल्या कुणालाही भारी पडेल, पण गोष्ट बहुतेक वेळा रॉबिनच्या हट्टाभोवती फिरायची. आणि दुसऱ्या सीझनचा नारळ फोडताना लेखकांनी नेमकी हिलाच टीममधून काढून घेतली.

गोष्ट अशी. स्टारफायर आपल्या ग्रहावरचा सण साजरा करायला निघालीये, ब्लॉरथॉग नावाचा. मैत्रीचा सण. सगळ्यांसाठी तिने चित्रविचित्र माळा आणल्यात. पण टॉवरमध्ये त्या दिवशी प्रत्येकाचं दुसऱ्याशी वाजलेलं आहे, अगदी साध्यासाध्या गोष्टींवरून. तेवढ्यात शंभर वर्षं पुढच्या काळातून वॉर्प नावाचा एक चोर म्युझियममधलं जुनं घड्याळ पळवायला येतो. झटापटीत स्टारफायर त्याच्यासोबत काळाच्या भोवऱ्यात ओढली जाते आणि वाटेतच बाहेर फेकली जाते, वीस वर्षं पुढे. शहरावर बर्फ पडलाय. टॉवरला अवकळा आलीये. टायटन्स नावाची टीम कधीच मोडली आहे.

आता यात काय विशेष, भविष्य वाईट दाखवणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. विशेष हे की ही टीम कुणी मोडलेलीच नाही. कुणी मेलं नाही, कुणी दगाफटका केला नाही, शहर जळलं नाही. एक जण गेली, मग बाकीच्यांचं भेटणं कमी झालं, मग बंद झालं. बस. मुलांच्या कार्टूनमध्ये मैत्री तुटते ती व्हिलनमुळे किंवा गैरसमजामुळे, आणि गैरसमज शेवटच्या तीन मिनिटांत दूर होतो. इथे दूर करायला गैरसमजच नाही. स्टारफायर हल्ला कुणावर करणार?

मग ती एकेकाकडे जाते, आणि भागाचा जीव या भेटींमध्ये आहे. सायबॉर्ग टॉवरमध्येच आहे, कारण त्याची बॅटरी संपलीये आणि टॉवरच्या यंत्रांना जोडून घेतल्याशिवाय तो जगू शकत नाही. घर सोडून सगळे गेले, याला मात्र घराबाहेर पडता येत नाही. बीस्ट बॉय पिंजऱ्यात आहे, टक्कल पडलेला, पोट सुटलेला, लोकांना प्राणी बनून दाखवणारा. एकट्याने हिरोगिरी करून पाहिली, जमली नाही. पिंजऱ्याचं दार उघडून देऊ म्हटलं तरी त्याला नको आहे. पिंजरा लोकांना दूर ठेवतो म्हणून तो त्यात बसलाय. आणि रेव्हन एका पांढऱ्या खोलीत. तिला समोर उभी असलेली स्टारफायर खरी वाटत नाही, कारण असे भास तिला याआधीही झालेत.

त्या खोलीत काहीही घडत नाही. मारामारी नाही. सहा-सात वर्षांच्या मुलांसाठी असलेल्या मालिकेत त्यांनी एका माणसाचं एकटेपण इतक्या शांतपणे दाखवलं की मोठ्यांच्या मालिकांमधले आरडाओरड करून रडणारे लोक मला त्यानंतर पोरकट वाटायला लागले.

रॉबिन तेवढा टिकून आहे. तो आता नाइटविंग या नव्या नावाचा, नव्या वेशातला हिरो झालाय, केस वाढलेले, काळा पोशाख, छातीवर निळा पक्षी. कॉमिक वाचणाऱ्यांना हा मुजरा होता. मूळ कॉमिकमध्ये रॉबिनचा नाइटविंग झाला १९८४ साली. पण कार्टूनमध्ये त्याचं तसं होणं कौतुकाचं वाटत नाही. नाइटविंग एकटाच काम करतो. जो मुलगा पहिल्या सीझनभर पुढारीपणासाठी भांडत होता, त्याच्या मागे आता कुणी नाही.

आता माझं म्हणणं. हा भाग सांगतो की या टीमची गाठ रॉबिनच्या हुकमाने बांधलेली नव्हती. ती बांधली होती माळा करणाऱ्या, सण लक्षात ठेवणाऱ्या, नको असलेलं जेवण प्रेमाने वाढणाऱ्या आणि सगळे जिची थट्टा करतात त्या मुलीने. आपल्या प्रत्येक खानदानात एक आत्या असते. सगळ्यांचे वाढदिवस तिला पाठ, दिवाळीला कोण कधी येणार याचे फोन तीच करणार, आणि तिच्या फोनला 'झालं हिचं सुरू' म्हणणारेही आपणच. ती गेली की चुलत भावंडं लग्नातसुद्धा एकमेकांना ओळखत नाहीत. भांडण झालेलं नसतं. फोन करणारं कुणी उरलेलं नसतं.

माझ्या एका मैत्रिणीचा यावर आक्षेप आहे आणि तो मला झटकून टाकता येत नाही. ती म्हणते, म्हणजे शेवटी काय, घर जोडून ठेवायचं काम मुलीचंच! चार जण आपापल्या दुःखात मश्गूल राहणार आणि हिने वीस वर्षं ओलांडून दारोदार फिरून त्यांना गोळा करायचं. त्यात रेव्हनही आहे, तीही मुलगीच, पण ते काम रेव्हनकडून कुणी अपेक्षिलं नव्हतं, असं मी म्हटलं. मैत्रीण म्हणाली, कारण रेव्हनला 'गोड' लिहिलेलं नाही. मुद्दा बरोबर आहे.

तरी मी भागाच्या बाजूने आहे, आणि त्याचं कारण गोष्टीच्या रचनेत आहे. स्टारफायर गोड बोलून त्यांना जमवू शकत नाही. तिघंही पहिल्या भेटीत नकार देतात. ती रडत बसत नाही, घड्याळ परत आणायला निघते, नाइटविंग सोबत येतो, आणि ऐन वेळी उरलेले तिघं स्वतःहून उगवतात. यायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवलं. भागाच्या शेवटी ती आपल्या काळात परतते आणि जे पाहिलं ते सगळ्यांना सांगते. बीस्ट बॉयला धसका बसतो तो टकलाचा, ते सोडा. पण सकाळी ज्या सणाची कुणाला पर्वा नव्हती त्याला आता पाचही जण हजर आहेत. वॉर्पचं सतत पालुपद असतं की इतिहास बदलत नाही. तो बदलायला फक्त चार जणांनी त्या मुलीचं ऐकून घ्यावं लागलं.

तर्काच्या बाजूने बघाल तर भोकं आहेत. ती परत येणारच होती तर ते वीस वर्षांपुढचं जग कुठून आलं, वगैरे. कालप्रवासाच्या कुठल्या गोष्टीत ही भोकं नसतात? मला खुपतं ते दुसरंच: रेव्हनची दशा. मन थकलेल्या माणसाला कोऱ्या पांढऱ्या खोलीत बसवलं की 'वेडी झाली' असं मुलं समजतात, आणि मैत्रीण एकदा येऊन गेली की बरी होते असंही. प्रसंग उत्तम लिहिलाय, पण दुरुस्ती फार स्वस्तात आटोपली.

आणि आता सीझनचा विचार करा. तिसऱ्या भागात टेरा येते, माती-दगड हलवणारी मुलगी, हवीहवीशी वाटणारी. मग ती टायटन्सना फसवते, आणि सीझन संपतो तेव्हा ती दगड होऊन गेलेली असते. टेराच्या दग्याची मूळ कथा कॉमिकमध्ये १९८४ चीच, आणि रॉबिन नाइटविंग झाला तोही त्याच कथानकात. म्हणजे एका जुन्या कथेचा एक धागा सीझनच्या पहिल्या भागात आणि दुसरा शेवटच्या भागात. पहिल्या भागात एक जण गेल्याने टीम विरते आणि परत आल्याने जुळते. तेराव्या भागात एक जण जाते, ती परत येत नाही, आणि टीमला तरीही टिकून राहायचं आहे. पहिला भाग पाहिलेला असेल तर तो शेवट किती अवघड आहे ते जास्त कळतं.

बाकीच्या सीझनच्या सुरुवाती त्यामानाने रीतीला धरून आहेत. तिसऱ्यात सायबॉर्ग वेश पालटून व्हिलनांच्या शाळेत शिरतो, झकास आहे. चौथ्यात सगळे टीव्हीच्या चॅनेलांमधून पळतात, निव्वळ धमाल. पाचव्यात बीस्ट बॉयची जुनी टीम भेटते. बघण्यासारखे सगळेच.

२०१३ पासून त्याच पाच आवाजांत 'टीन टायटन्स गो!' सुरू आहे. घराघरातली पोरं तेच बघतात, मोठे फॅन त्यावर दात खातात. मी त्या भांडणात नाही. विनोदी मालिका आहे, विनोद करते. पण तुमच्या घरात कुणी त्या पाच जणांची चाहती असेल आणि वय आठ-नऊच्या पुढे असेल, तर जुन्या मालिकेतला हा एक भाग लावून द्या. मागचं काही माहीत नसलं तरी कळतो. रेव्हनच्या खोलीपाशी मात्र शेजारी बसा, प्रश्न येतील. आणि कमेंटमध्ये 'कार्टून काय बघतेस या वयात' लिहिणाऱ्यांनी आधी तो भाग पाहावा, मग भांडायला यावं.