मी त्यातला नाही

अलिबागच्या आमच्या शाळेच्या ग्रुपवर आठवडाभर 'कुली' या शब्दावरून हाणामारी चाललीय. सुरुवात एकाच्या पोस्टने झाली: कुली हा शब्द आपल्या कोळ्यांवरून आला, जगभर गेला, अभिमान बाळगा! दुसऱ्याने सुरेश प्रभूंना ओढलं. २०१६च्या रेल्वे अर्थसंकल्पात त्यांनी कुलींना 'सहायक' म्हणायचं ठरवलं, ते म्हणे उगाचचे लाड. तिसरा म्हणाला, हमाल म्हणा, शुद्ध मराठी. अरे, हमाल अरबीतून आलाय!

१८८६च्या हॉब्सन-जॉब्सन या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात कोळ्यांची गोष्ट आहे, पण गुजरातकडच्या कोळ्यांची. तमिळमध्ये कूलि म्हणजे मजुरी. पंडित भांडोत. इथे दक्षिण आफ्रिकेत, डर्बनमध्ये तो शब्द कुणी तोंडावर फेकला तर कोश उघडायला कोण बसतंय?

माझ्यावर तो एकदाच फेकला गेला. येऊन वर्षही झालं नव्हतं. रोबोट, म्हणजे इथला सिग्नल, हिरवा झाला आणि माझी गाडी बंद पडली. मागच्या बक्कीवाल्याने (बक्की म्हणजे पिकअप) बाजूने जाताना काच खाली करून तो शब्द हासडला. घरी येऊन शेजारच्या आंटीला सांगितलं आणि वर म्हणालो, "पण आम्ही त्यातले नाही ना, मी इंजिनिअर, व्हिसावर आलोय."

आंटी काही बोलली नाही. आत नेऊन भिंतीवरची फ्रेम दाखवली. जहाजाच्या यादीतली एक ओळ: क्रमांक, तिच्या खापरपणजीचं नाव, बापाचं नाव, वय, गाव, आणि शेवटी अंगावरची खूण, 'कपाळावर व्रण'. १६ नोव्हेंबर १८६०ला मद्रासहून 'ट्रुरो' जहाज इथे लागलं. तेव्हापासून १९११पर्यंत दीड लाखावर माणसं अशी नंबर लावून इथल्या नाताळ वसाहतीत आणली, बहुतेक उसाच्या मळ्यांसाठी. कान गरम झाले माझे.

गांधींना इथे 'कुली बॅरिस्टर' म्हणत. त्यांनीच लिहून ठेवलंय की मुसलमान व्यापारी स्वतःला अरब म्हणवत आणि पारशी पर्शियन. शाळेत वाचलं तेव्हा हसलो होतो. मी तरी वेगळं काय केलं? त्यांनी अरबस्तान पुढे केला, मी डिग्री.

हे ग्रुपवर लिहिलं नाही. लिहिलं ते भलतंच: इथे काळ्यांसाठीचा 'क'वरून सुरू होणारा शब्द पोलिसांना पुन्हा पुन्हा ऐकवल्याबद्दल २०१८मध्ये एका गोऱ्या बाईला तुरुंगवास सुनावला, तुमच्याकडे आहे का असा कायदा? लगेच उत्तर आलं: ॲट्रॉसिटी कायदा, १९८९. बरोबर आहे. 'तुमच्याकडे' मी कधीपासून म्हणायला लागलो, तेही कुणीतरी विचारलंच. शिवाय दर रविवारी फोनवर आई विचारते, "तुझी ती काळी बाई येते ना कामाला?" तिथे मी विषय हवेवर नेतो. कायदा तेव्हा आठवत नाही.

काल रात्री पोस्टवाल्याने स्वतंत्र मेसेज केला. "तू एवढा का तापतोस? तू थोडाच त्यातला!"

अजून उत्तर दिलेलं नाही. आंटीचा बिर्याणीचा डबा परवापासून ओट्यावर पडलाय. रिकामा परत कसा देणार, म्हणून पोहे भिजवलेत.