दीपनगरची उष्णता बर्फात साठवता येत नाही

"दीपनगरच्या वीजकेंद्राची वाया जाणारी उष्णता बर्फ वितळवून साठवा आणि रात्री परत काढा, वीज जवळपास फुकट," असा दावा जळगाव-भुसावळकडे मोबाइलवर फिरतोय. त्यातला एकेक मुद्दा तपासू.

"बर्फ भरपूर उष्णता शोषतो." खरंय. किलोला ३३४ किलोज्यूल, म्हणजे टनाला ९३ युनिट. पण वितळलेलं पाणी शून्य अंशालाच असतं. ते पुन्हा गोठवाल तेव्हाच उष्णता परत मिळते, आणि तीही शून्य अंशाची. तिच्यावर टर्बाइन फिरत नाही. ती ५० अंशांवर चढवायला हीट पंप, म्हणजे वीज खाऊन उष्णता वरच्या तापमानाला नेणारं यंत्र, लागतो. जर्मनीत घरं उबदार ठेवायला असे बर्फाचे हौद हीट पंपासोबत वापरतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ वर असतो, इथे ऊब हवीय कुणाला?

"कंडेन्सरची सगळी उष्णता बर्फात जिरेल." कंडेन्सर म्हणजे टर्बाइनमधून निघालेली वाफ थंड करून तिचं पाणी करणारं यंत्र. ५०० मेगावॉटचा संच पूर्ण भाराने चालताना त्यात साधारण ६०० मेगावॉट उष्णता सोडतो. ती जिरवायला दर तासाला जवळपास साडेसहा हजार टन बर्फ लागेल, म्हणजे दहा टनी साडेसहाशे ट्रक! ते पाणी पुन्हा गोठवायला टनामागे तीस-पस्तीस युनिट धरा, दोनशे मेगावॉटच्या वर वीज गेली. शिवाय गोठवताना ओढलेली उष्णता आणि कॉम्प्रेसरची वीज, दोन्ही शेवटी हवेतच जातात. कूलिंग टॉवरचा भार उलट वाढतो.

"म्हणजे बर्फाची साठवण बिनकामाची." तसंही नाही. ती थंडावा साठवायला उत्तम, आणि रावेर-यावलच्या केळीला थंडावाच हवा. १० टन केळी ३५ वरून १४ अंशांवर आणायला सुमारे दोन टन बर्फ पुरतो; उष्णतेची गळती धरून तीन ठेवा. हा बर्फ पाण्याच्या हौदात गार नळ्यांच्या वेटोळ्यावर, म्हणजे कॉइलवर, जमवतात. त्या कॉइलवर बर्फाचा थर ३५-४० मिलिमीटरच्या पुढे जाऊ देऊ नका. बर्फ स्वतःच उष्णतेला अडवतो, त्यामुळे थर जाडला की कॉम्प्रेसर जास्त वीज खातो. आणि शेजारच्या नळ्यांवरचे थर एकमेकांना चिकटले की पाण्याची वाट बंद होऊन बर्फ हळू वितळतो. हौदात तळातून हवेचे बुडबुडे सोडले तर तो सारखा वितळतो.

हौदातलं एक-दोन अंशांचं पाणी थेट केळीवर कधीच नको. ते हवेच्या कॉइलमधून फिरवा आणि तीन तोंडांच्या व्हॉल्व्हने आत येणारी हवा १३ अंशांखाली जाऊ देऊ नका. गारठा लागलेल्या केळीची साल नखाने खरवडली की आत तपकिरी रेषा दिसतात. असा माल पिकताना पिवळाधमक होत नाही, मळकट राहतो.

उष्णताच साठवायची असेल तर डिझेल जनरेटरचं इंजिन गार ठेवणारं ८० अंशांचं जॅकेटचं पाणी हीट एक्स्चेंजरमधून (पाणी न मिसळता उष्णता पुढे देणाऱ्या यंत्रातून) नेऊन उष्णतारोधक लोकर गुंडाळलेली पाण्याची टाकी तापवा. हजार लिटर पाणी ८० वरून ५० वर येताना ३५ युनिट उष्णता देतं, केळीचे काप वाळवायला ती थेट कामी येते.