सायकलच्या ग्रिपला खोबरेल तेल लावू नका

गेल्या रविवारी सकाळी दहाच्या सुमारास अण्णांचा फोन आला. "जरा गाडी घेऊन ये, गंगापूर गावाजवळ थांबलोय." आवाज नेहमीसारखा होता, म्हणून विचारलं, "पंक्चर का?" तर म्हणाले, "नाही रे, मूठ निघाली." जाऊन बघतो तर चहाच्या टपरीवर बसलेले, कोपर सोललेलं, मनगट सुजलेलं. सायकल भिंतीला टेकवलेली आणि उजव्या बाजूची ग्रिप टपरीच्या बाकावर ठेवलेली. मी ती उचलली. आतून बुळबुळीत होती आणि खोबरेल तेलाचा वास येत होता.

अण्णा सहासष्ट वर्षांचे. निवृत्तीनंतर गिअरची सायकल घेतली आणि दर रविवारी इंदिरानगरहून गंगापूर धरणापर्यंत पाच-सहा जणांबरोबर जातात. त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महिन्याभरापासून एक मेसेज फिरतोय, "गिअरच्या सायकलस्वारांसाठी मोलाची माहिती". ग्रिप बदलताना काय करावं, याचे सहा मुद्दे आहेत. थोडक्यात असे: ग्रिप जितकी जाड आणि मऊ तितकी हाताला चांगली, मुंग्या येणं बंद होतं. स्क्रूने आवळायच्या ग्रिप म्हणजे कंपन्यांची लूट. ग्रिप आत सरकत नसेल तर खोबरेल तेल लावा, रबर ते शोषून घेतं आणि ग्रिप कायमची घट्ट बसते. मोटरसायकलची ग्रिप स्वस्त पडते, तीच वापरा. टोकाच्या टोप्या काढून टाका म्हणजे हवा खेळते आणि घाम वाळतो. आणि दाणेदार ग्रिपमुळे ॲक्युप्रेशर होऊन साखर आटोक्यात राहते.

हा मेसेज मला गेल्या आठवड्यात तीन ग्रुपवर आला. एकात तर डॉक्टर आहेत, त्यांनीही पसंतीचा अंगठा टाकला. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र हे सायकलपटू महाजन बंधू आमच्या नाशिकचेच. २०१५ मध्ये त्यांनी अमेरिकेतली सुमारे ४८०० किलोमीटरची रॅम (रेस अक्रॉस अमेरिका) ही सायकल शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण केली आणि तसं करणारा तो पहिला भारतीय संघ ठरला. ज्या शहरात सायकलचं इतकं जाणणारी माणसं आहेत, तिथे हा मेसेज न तपासता पुढे जातो याचा मला राग येतो.

आधी तेलाचं बोलतो, कारण माणूस पडतो तो त्याच्यामुळे.

अण्णांनी मेसेज वाचून चांगल्या गुबगुबीत रबरी ग्रिप आणल्या. त्या हँडलवर चढेनात. मग मेसेजमध्ये लिहिल्याप्रमाणे देवघराशेजारची तेलाची बाटली घेतली, आत बोट फिरवलं आणि ग्रिप सर्रकन बसवल्या. रात्रभर सायकल गॅलरीत होती. सकाळी त्यांनी मूठ पिळून पाहिली, हलली नाही. आईलाही दाखवलं, "बघ, बसली की नाही घट्ट." अण्णा खोटं बोलत नव्हते. ग्रिप खरंच घट्ट बसली होती, आणि सगळी फसगत तिथेच आहे.

खोबरेल तेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं. जानेवारीत नाशिकच्या कुठल्याही घरात सकाळी बाटलीतलं तेल पांढरं झालेलं असतं, आपण बाटली गरम पाण्यात ठेवतो किंवा उन्हात मांडतो. ग्रिपच्या आत लावलेलं तेलही तसंच रात्री गोठलं. थंड हँडलवर गोठलेल्या तेलाचा थर म्हणजे मेणाने चिकटवल्यासारखं. साडेसहाला अण्णा निघाले तेव्हा हातात लोकरीचे मोजे, त्यामुळे हाताची ऊबही ग्रिपला लागली नाही. धरणावर पोहोचले, चहा झाला, ऊन वर आलं, मोजे खिशात गेले. परतीच्या वाटेवर उघडा गरम तळवा, वरून ऊन, आणि आत तेल पातळ. गंगापूर गाव ओलांडल्यावर स्पीडब्रेकर आला, त्यांनी हँडल आवळून धरलं आणि उजवी मूठ फिरून बाहेरच आली.

आता मेसेजमधलं वाक्य बघा: "रबर तेल शोषून घेतं." हे अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करतो. रबर तेल शोषतंच. पण तेल शोषलेलं रबर फुगतं, मऊ पडतं आणि चिकट होतं. ते घट्ट कशाने होणार? शिवाय सगळं तेल शोषलं जात नाही. हँडलची नळी धातूची, ती थेंबही पीत नाही आणि तेल उडूनही जात नाही. दोन्हींच्या मध्ये ते महिनोन् महिने राहतं. ग्रीस, व्हॅसलीन, त्यांचंही तेच.

मी तोंडी वाद घालत बसलो नाही. घरी जुना हँडलचा दांडा पडला होता. एका टोकाला तेल लावून ग्रिप चढवली, दुसऱ्या टोकाला स्पिरिट लावून. चार दिवस दोन्ही तशाच ठेवल्या, मग दुपारी उन्हात नेऊन प्रवासाच्या बॅगांचं वजन करायचा हुकवाला काटा ग्रिपला दोरीने बांधला आणि अण्णांनाच ओढायला सांगितलं. तेलाची ग्रिप तीन किलोलाही टिकली नाही, दोरीबरोबर सरकत आली. स्पिरिटची ग्रिप दहा किलोच्या पुढे काटा गेला तरी जागची हलली नाही, शेवटी दोरी सुटली.

या आकड्यांना अर्थ काय, तर एक नियम आहे. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या सायकलींच्या नियमावलीत कलम १५१२.६ मध्ये म्हटलंय, की हँडलची टोकं झाकलेली असलीच पाहिजेत, आणि ग्रिप किंवा टोकाची टोपी किमान ६६.८ न्यूटन ओढीलाही निघता कामा नये. ६६.८ न्यूटन म्हणजे जवळपास ६.८ किलोचा ताण. आपल्या स्वयंपाकघरातल्या तेलाने बसवलेली ग्रिप त्याच्या निम्म्यालाही पोहोचली नाही. ग्रिप मऊ आहे का, रंग कोणता, दाणे किती, हे सगळं नंतर. ती हँडलवरून हलत नाही ना, हे आधी. नियम करणाऱ्यांनी नेमकी तीच गोष्ट मोजायला सांगितली आहे.

मग ग्रिप चढवायची कशी? मेडिकलमधून स्पिरिट आणा. हँडल आधी फडक्याने कोरडं, स्वच्छ पुसा. ग्रिपच्या आत थोडं स्पिरिट टाका, बोटाने तोंड बंद करून हलवा, उरलेलं ओता आणि एका दमात ग्रिप शेवटपर्यंत ढकला. मध्ये थांबलात तर तिथेच अडकते. स्पिरिट उडून जातं आणि रबर कोरड्या धातूला धरून बसतं. त्यानंतर रात्रभर सायकल तशीच ठेवा, चालवू नका, आणि हे काम गॅसजवळ करू नका. सॅनिटायझर वापरायचा असेल तर पाण्यासारखा पातळ, ग्लिसरीन नसलेला घ्या. जेलमध्ये ग्लिसरीन असतं, ते मागे राहतं. जुनी ग्रिप निघत नसेल तर सुई असलेली सिरिंज घ्या, सुई ग्रिपच्या कडेखाली सरकवा, दोन-तीन ठिकाणी स्पिरिट सोडा आणि पिळा. कंप्रेसर असलेला पंक्चरवाला ओळखीचा असेल तर हवेच्या नळीने तर क्षणात सुटते.

दुसरा घातक मुद्दा टोकाच्या टोप्यांचा. वरच्या नियमात तो आलाच. उघडं टोक म्हणजे पातळ कडेची धातूची नळी. माणूस पडताना हँडल फिरतं आणि ती नळी पोटात किंवा मांडीत घुसते. लहान मुलांच्या पोटाच्या जखमांमध्ये हँडलच्या टोकाचा वाटा डॉक्टरांना चांगला माहीत आहे. घाम वाळवायचा असेल तर हातमोजे घाला. टोपी हरवली असेल तर पाच-दहा रुपयांत नवी मिळते, तोवर सायकल मुलांच्या हाती देऊ नका.

आता जाड आणि मऊ. इथे मला थोडं मागे सरावं लागतं. मोठ्या पंजाच्या माणसाला जाड ग्रिप आरामाची वाटते, आणि चामरलेणीकडच्या दगडी पायवाटेवर मऊ ग्रिप खडखडाट कमी करते, हे खरं आहे. पण "जितकी जाड तितकी चांगली" हे साफ चूक. सिलिकॉन ग्रिपसाठी प्रसिद्ध असलेली ईएसआय कंपनी ३०, ३२ आणि ३४ मिलिमीटर अशा वेगवेगळ्या जाडीच्या ग्रिप विकते. जाड हीच सगळ्यांना बरी असती तर पातळ काढायचं कारणच नव्हतं. पंजा लहान आणि ग्रिप जाड असली की बोटं पुरती वेढली जात नाहीत, धरून ठेवायला जास्त जोर लागतो, आणि तासाभरात कोपराखालचा हात भरून येतो. अण्णांचं तेच झालं. त्यांचा पंजा माझ्याहून लहान, आणि आणल्या त्या ३४ च्या.

दुकानात ग्रिप मुठीत धरून पाहा. बोटांची टोकं तळव्याला जेमतेम टेकली, रुतली नाहीत आणि मध्ये मोठी फटही राहिली नाही, की ती जाडी तुमची. लहान हाताला २९-३०, मध्यम हाताला ३१-३२, त्याहून मोठ्याला ३३-३४, हा ढोबळ अंदाज.

आणि मुंग्यांचं मूळ बहुतेकदा ग्रिपमध्ये नसतंच. करंगळी आणि अनामिका बधिर होत असतील तर तळव्याच्या करंगळीकडच्या उशीखालून जाणारी नस दाबली जातेय. अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होत असेल तर मनगटाच्या मधली. २००३ च्या एका अमेरिकी अभ्यासात ६०० किलोमीटरच्या राइडआधी आणि नंतर २५ सायकलस्वारांचे हात तपासले, तेव्हा २३ जणांना कमीजास्त त्रास झालेला दिसला. त्यांनी सुचवलेले उपाय कोणते? हातमोजे, सायकल अंगाला नीट बेतून घेणं आणि हाताची जागा सारखी बदलत राहणं.

अण्णांना विचारलं, तर बधिर व्हायची करंगळी. सायकल सपाट फरशीवर उभी करून पाहिली. सीटचं नाक चांगलं दोन बोटं खाली झुकलेलं होतं, म्हणजे सगळं अंग पुढे घसरून हातावर येणार. ब्रेकचे लिव्हर जवळजवळ आडवे, त्यामुळे मनगट मागे मोडून धरावं लागायचं. एलन की (षटकोनी चावी) घेऊन सीट सरळ केली आणि हात खांद्यापासून बोटांपर्यंत एका रेषेत येतील एवढे लिव्हर खाली वळवले. दहा मिनिटांचं काम, पैसे शून्य. महिनाभर हा माणूस मुंग्यांसाठी ग्रिप शोधत होता.

स्क्रूच्या, म्हणजे लॉक-ऑन ग्रिपबद्दल. नुसतं गंगापूर रोडवर सकाळी रमतगमत फिरायचं असेल तर साधी ढकलायची ग्रिप पुरते, एवढं कबूल. ती हलकी असते, आणि आत प्लास्टिकची नळी नसल्याने तेवढ्याच जाडीत रबरही जास्त मिळतं. पण अंजनेरीच्या पायथ्याला, ओल्या पावसात, चिखलाच्या उतारावर जाणाऱ्याने लॉक-ऑन घ्यावी. पाणी आत गेलं तरी ती फिरत नाही, आणि एलन कीने काढून पुन्हा बसवता येते. ब्रँडचा हट्ट नसेल तर जोडी तीन-चारशेतही मिळते, तिला लूट म्हणू नका. स्क्रू मात्र मर्यादेत आवळा. बहुतेक ग्रिपवर दोन-तीन न्यूटन-मीटर (आवळण्याच्या जोराचं माप) लिहिलेलं असतं, म्हणजे चावी आखूड बाजूने धरून बोटांच्या जोराने. कार्बनच्या हँडलवर तर जास्तच जपून.

मोटरसायकलच्या ग्रिपचा मुद्दा मोजपट्टीने संपतो. एमटीबीच्या (माउंटन बाइकच्या) हँडलचा मुठीकडचा व्यास २२.२ मिलिमीटर असतो. मोटरसायकलची उजवी ग्रिप ॲक्सिलरेटरच्या फिरत्या नळीवर बसते, म्हणून तिचं भोक मोठं असतं. सायकलवर ती पहिल्या दिवसापासून सैल. आणखी एक गोंधळ नेहमी होतो: हँडलच्या मधोमध ३१.८ छापलेलं असतं ते स्टेमच्या, म्हणजे हँडल धरून ठेवणाऱ्या भागाच्या, पकडीचं माप, ग्रिपचं नाही. ते सांगून ग्रिप मागू नका. मूठ फिरवून बदलायचे गिअर असतील तर त्या बाजूला आखूड ग्रिप लागते, तीही आधी मोजून घ्या.

ॲक्युप्रेशर आणि साखर. सायकल चालवल्याने साखरेला फायदा होतो, ग्रिपच्या दाण्यांनी नाही. दाणे घामात हात निसटू नये म्हणून असतात. या भरवशावर कोणी गोळी चुकवली तर जबाबदार कोण?

ज्यांनी आधीच तेल लावलंय त्यांनी आजच ग्रिप काढा. हँडल स्पिरिटने दोन-तीनदा पुसा, पांढऱ्या फडक्यावर डाग येईनासा होईपर्यंत. ग्रिप आतून भांड्याच्या साबणाने आणि जुन्या टूथब्रशने घासा, दिवसभर वाळवा. बोटाला चिकट लागत असेल किंवा तोंड पसरलं असेल तर ती फेका, पुन्हा बसवू नका. बसवल्यावर दुसऱ्या दिवशी भर दुपारी, सायकल तासभर उन्हात ठेवून, दोन्ही हातांनी पूर्ण जोर लावून मूठ पिळा आणि बाहेर ओढा. सकाळच्या गारव्यात केलेली तपासणी धरू नका.